नंदुरबारचं हुतात्मा स्मारक आणि रावलापाणी: नातीला घेऊन जाऊन आलो

१९४२ च्या गोळीबारात पडलेल्या पाच पोरांच्या नंदुरबारमधल्या हुतात्मा स्मारकाबद्दल कोणाला विचारलं तर एकच उत्तर मिळतं: "बाजारातच आहे, पाच मिनिटांत बघून होतं." बघून होतं हे खरं. तिकीट नाही, रांग नाही. पण मी नातीला घेऊन तिथे दीड तास होतो आणि निघताना तिचा पाय निघत नव्हता. म्हणून जरा सविस्तर लिहितो. जाणाऱ्याला उपयोग होईल.

मी दोंडाईच्याचा. पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॉलीच्या मागची नावं, निवडणुकीच्या भिंती, हे माझं काम. अडतीस वर्षं ब्रश हातात आहे. आता फ्लेक्समुळे पाट्या कमी झाल्या, पण शाळा आणि देवळं अजून बोलावतात. कुठेही गेलो तरी मी आधी अक्षरं बघतो, मग बाकीचं. त्यामुळे हे सगळं अक्षरांच्या बाजूने लिहिलेलं वाटेल. तसंच आहे.

नात पाचवीत आहे. शाळेने 'आपल्या परिसरातले हुतात्मे' असा प्रकल्प दिला होता. तिने वहीत पाच नावं उतरवून आणली होती आणि मला म्हणाली, "आबा, फोटो चिकटाडाना शे, चाल ना." मार्चचा पहिला आठवडा होता. सकाळची गाडी धरली. दोंडाईचा ते नंदुरबार रेल्वेने अगदी सोपं, सुरत–भुसावळ मार्गावरचीच दोन्ही स्टेशनं. बाहेर पडलं की रिक्षा मिळते. रिक्षावाल्याला 'हुतात्मा स्मारक' म्हणा, पुढे काही सांगावं लागत नाही.

मिरचीचा हंगाम संपत आला होता तरी हवेत तिखट ठसका होताच. नंदुरबारला हिवाळ्यात गेलेल्याला हे ठाऊक आहे. गावाबाहेर पथारीवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि वारा फिरला की स्टेशनावरच शिंका सुरू होतात. नातीला रुमाल बांधून दिला. लहान मूल बरोबर असेल तर तुम्हीही ठेवा.

आता स्मारकाचं. मला त्याची सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती त्याची जागा. हे जुन्या गावात, माणिक चौकात, भर बाजारपेठेत आहे. चारी बाजूंनी दुकानं, हातगाड्या, मोटारसायकली. काहींना हे खटकतं. हुतात्म्यांचं स्मारक म्हटल्यावर बाग हवी, कारंजं हवं, शांतता हवी, असं त्यांचं म्हणणं. मला तसं वाटत नाही. ती मुलं बागेत मेली नाहीत. ती इथे, बाजारात, गावाच्या डोळ्यांदेखत पडली. ९ सप्टेंबर १९४२ ला इथे मिरवणूक अडवली, लाठ्या चालवल्या आणि मग शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी 'भारत छोडो'ला बरोबर एक महिना झाला होता. ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ठराव झाला, ९ च्या पहाटे गांधीजींसह सगळे मोठे नेते उचलले गेले. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. मोठी माणसं आत आणि रस्त्यावर पोरं, असा तो महिना होता. ज्या सरकारला पंधरा वर्षांच्या पोराच्या हातातल्या झेंड्याची भीती वाटते आणि ते त्याच्या छातीवर नेम धरतं, ते सरकार कसं होतं हे समजून घ्यायला हा चौक पुरेसा आहे. गावाबाहेर हलवून स्मारक बांधलं असतं तर ते समजलं नसतं.

नातीला मी चौकाच्या कडेला एका दुकानाच्या पायरीवर उभं केलं. दुकान अजून उघडायचं होतं. म्हटलं, "आता डोळे मिट आणि ऐक." शटर वर जाण्याचे आवाज, कोणीतरी सायकलवरून दुधाचे कॅन नेत होतं, एक बाई अहिराणीत कोणाला तरी झाडत होती, पलीकडे दोन व्यापारी गुजरातीत बोलत होते. हीच तर नंदुरबारची गंमत आहे. गुजरातची हद्द जवळ, त्यामुळे घरात गुजराती, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी, डोंगराकडून आलेल्या माणसाची भिलोरी. मिरवणुकीत झेंडा हाती घेतलेल्या शिरीषकुमारच्या घरची बोली गुजराती. म्हणून त्या मिरवणुकीतली घोषणाही गुजराती होती: "नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमी भारतनु." झुकणार नाही, झुकणार नाही, भारतभूमीचं निशाण झुकणार नाही. मी ती हळू आवाजात म्हटली. नातीने पायरीवरूनच परत म्हटली, जरा मोठ्याने. दूधवाल्याने वळून पाहिलं.

शिरीषकुमार मेहता यांचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. म्हणजे त्या दिवशी सोळा पूर्ण व्हायला साडेतीन महिने बाकी होते. नंदुरबारमध्ये घराघरात सांगतात की अधिकाऱ्याने मुलींच्या रांगेवर पिस्तूल रोखलं, तेव्हा तो झेंडा घेऊन पुढे झाला आणि म्हणाला, मारायचं तर मला मारा. माझा मोठा नातू आता पंधरा वर्षांचा आहे. सायकलची चेन उतरली की अजून मला हाक मारतो. चौकात उभं राहून मी त्याचाच विचार करत होतो, हे लपवत नाही.

हे सांगत होतो तेवढ्यात शेजारच्या दुकानाचे म्हातारे मालक कुलूप उघडायला आले. नातीच्या हातातली वही पाहून थांबले. माझ्याकडे न बघता तिच्याशीच बोलले: "आठेच पडनात पोरे, बेटा. आठेच." आठेच म्हणजे इथेच. हाताने रस्त्याची जागा दाखवली. जिथे दाखवली तिथून तेवढ्यात एक मोटारसायकल गेली. नातीने विचारलं, "बाबा, तो कितवीमा व्हता?" ते म्हणाले, "तुन्हापेक्षा थोडा मोठा. बस." आणि आत जाऊन त्यांनी उदबत्ती लावली. रोजची, दुकानातल्या देवाची. पण त्यांनी ती बाहेर येऊन चौकाकडेही ओवाळली. रोज ओवाळतात की त्या दिवशी आमच्यासाठी, हे मी विचारलं नाही.

आता नावांबद्दल. ही माझी या सगळ्यातली मुख्य गोष्ट आहे, म्हणून इथे वेळ घेतो.

हुतात्मे पाच आहेत. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा. नंदुरबारबाहेर कोणालाही विचारा, एकच नाव येतं. उरलेले चार 'इतर' होतात. काही वर्षांपूर्वी ९ सप्टेंबरच्या फेरीसाठी काही तरुण माझ्याकडे पाटी करायला आले होते. चार बाय तीनचा प्लाय. मजकूर कागदावर लिहून आणलेला: 'हुतात्मा शिरीषकुमार व इतर चार हुतात्मे यांना विनम्र अभिवादन.' मी विचारलं, इतर चार कोण? ते एकमेकांकडे पाहू लागले. पोरं चांगली होती. पहाटे उठून फेरी काढणारी पोरं वाईट कशी असतील? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी म्हटलं, 'व इतर' मी लिहिणार नाही. पाचही लिहितो, पैसे तेवढेच द्या.

ती पाटी मी कशी केली हे सांगतो, कारण तिथेच मला हे पाच जण खरे भेटले. सुतळीला निळ लावून पाच ओळी मारल्या. पाच ओळी सारख्या उंचीच्या करायच्या तर उंची कोणत्या नावावरून धरायची? सर्वांत लांब नावावरून. मोजलं. शिरीषकुमार मेहता, नऊ अक्षरं. ते चार फुटांत बसेल ती उंची, आणि तीच बाकी सगळ्यांना. म्हणजे कागदावर ज्याचं एकट्याचं नाव होतं, त्याच्याच नावाच्या मापात सगळे बसले. लालदास शहा, सहाच अक्षरं. दोन्ही बाजूंना जागा उरली. एक मुलगा म्हणाला, काका, तिथे फूल काढा, रिकामं दिसतंय. मी काढलं नाही. मोकळी जागा मोकळी राहू दिली. पाटी टांगल्यावर लांबून त्या ओळीकडेच आधी नजर गेली.

आणि धनसुखलाल व घनश्यामदास. ध आणि घ. पेंटरच्या हाताला हा फरक पहिल्या वर्षी शिकवतात. घ ची शिरोरेघ सरळ पूर्ण जाते. ध ला डावीकडे गाठ असते आणि शिरोरेघ तिथे तुटते. घाईत कोणी रेघ सलग ओढली की धनसुखलालचा घनसुखलाल होतो. एवढ्याशा रेघेने एका मेलेल्या मुलाचं नाव बदलतं. मी त्या ओळीला सहा नंबरचा ब्रश बाजूला ठेवून बारीक ब्रश घेतला होता.

म्हणून चौकात उभं असताना मी नातीला वही उघडायला लावली आणि पाचही नावं मोठ्याने वाचायला सांगितली. ती वाचू लागली: शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, घनसुखलाल वाणी... मी थांबवलं. वहीत पाहिलं. तिने ध वर रेघ पूर्ण ओढली होती. शाळेच्या फळ्यावरून उतरवताना झालं असेल. तिला पायरीवरच्या धुळीत बोटाने दोन्ही अक्षरं काढून दाखवली. "हाई तुटेल शे, हाई नही." तिने पुन्हा वाचलं. मग पाठ करायला तिनेच युक्ती काढली. पहिली अक्षरं घेतली: शि, ला, ध, श, घ. "आबा, पहिले दोन शिला. दगड. ते तर पाठच झाले. आता तीनच राहिले."

तुम्ही मुलांना घेऊन गेलात तर एवढंच करा. सेल्फी काढा, काही वाईट नाही, पण आधी पाचही नावं मोठ्याने वाचून घ्या. हार घालायचा असेल तर अशा बेताने घाला की नाव झाकलं जाणार नाही. आणि माझी एक इच्छा आहे, ज्यांच्या हातात असेल त्यांच्यापर्यंत पोचावी: पाचही जणांविषयी दोन-दोन ओळी, एकाच आकारात, दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला असाव्यात. मराठीत, गुजरातीत, अहिराणीत. कोणी म्हणालं तर मी ब्रश घेऊन येईन. मजुरी नको.

मी हे सारखं 'एकाच आकारात' का म्हणतो, त्याला कारण आहे. वडिलांच्या पिंडदानाला गयेला गेलो होतो, तेव्हा परतीची गाडी पाटण्याहून होती. मधल्या वेळात तिथलं शहीद स्मारक पाहिलं, जुन्या सचिवालयासमोर. ११ ऑगस्ट १९४२ ला तिथे सचिवालयावर झेंडा लावायला निघालेले सात विद्यार्थी गोळीबारात मेले. नंदुरबारच्या महिनाभर आधी. शिल्पकार देवीप्रसाद रायचौधरी यांनी सातही जण ब्राँझमध्ये माणसाएवढे केले आहेत. पुढच्याच्या हातात झेंडा आहे, मागचे कोसळताहेत, पण कोणी लहान केलेला नाही. सातही चेहरे. आपल्या पाच जणांची ओळख कुठे कमी आहे, हे मला पाटण्यात कळलं.

एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष, मंडप आणि सजावट नंदलाल बोसांची. आमच्या धंद्यातली जुनी माणसं त्या सजावटीबद्दल बोलायची, बांबू, मातीची भांडी, शेतातल्या वस्तू वापरून केलेली. त्याच महिन्यात शिरीषकुमार दहा वर्षांचा झाला. खान्देशातली ती सगळी पिढी अशा हवेत वाढली. पोरं एका सकाळी अचानक झेंडा घेऊन निघाली नव्हती.

वेळ म्हणाल तर सकाळी आठच्या आत जा. दहानंतर बाजार भरतो, हॉर्न आणि गर्दीत धड बोलता येत नाही, उन्हाळ्यात तर उभंही राहवत नाही. ९ सप्टेंबरला जायचं असेल तर शाळांची गर्दी असते, पण ती गर्दी बघण्यासारखी असते. जेवणाची चिंता नको, शेवभाजी कुठेही चांगली मिळते. येताना भगर घ्या, नंदुरबारची भगर प्रसिद्ध आहेच.

आम्ही त्या दिवशी परत आलो नाही. पुतणी तळोद्याला दिली आहे, तिच्याकडे मुक्काम केला, कारण दुसऱ्या दिवशी रावलापाणीला जायचं होतं. नातीच्या प्रकल्पात ते नव्हतं. मी घालायला लावलं.

रावलापाणी तळोदा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या डोंगरात आहे. २ मार्च १९४३ ला इंग्रज सरकारने इथे आदिवासींवर गोळ्या झाडल्या. नंदुरबारच्या गोळीबाराला सहा महिनेही झाले नव्हते. हे लोक संत गुलाम महाराजांच्या आप पंथाचे. गुलाम महाराजांनी भिल्ल समाजात दारू सोडायला लावली, स्वच्छ राहायला शिकवलं, आरतीला एकत्र आणलं, आणि एकमेकांना 'आप' म्हणा असं सांगितलं. ज्याला जन्मभर सावकार आणि शिपाई 'अरे'च्या वर हाक मारत नव्हते, त्याने शेजाऱ्याला 'आप' म्हणायचं. 'आप की जय' हा त्यांचा जयघोष. महाराज १९३८ मध्ये गेले, पुढे त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी काम चालवलं. दारू प्यायची सोडली की ठेकेदाराचा धंदा बसतो, एकत्र जमायला लागली की सरकारला धाक वाटतो. त्यातून जे व्हायचं ते झालं. रामदास महाराजांबरोबर निघालेल्या माणसांवर त्या घळीत बंदुका चालल्या.

तिथे जायला भाड्याची जीप केली. गाडीवाला तळोद्याचाच, भिल्ल समाजातला, तिशीतला. भाडं आधी ठरवून घ्या, पण त्याने सांगितलं तेवढंच घेतलं आणि एक पैसा वर मागितला नाही. वाटेत पळस फुललेला, मोहाची फुलं खाली पडायला लागलेली, टोपल्या घेऊन बायका वेचत होत्या. शेवटी थोडं पायी चालावं लागलं. पाणी बरोबर घ्या, डोक्याला काहीतरी घ्या. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी.

इथे मला अक्षरांचं काही सांगायचं नाही. इथली अक्षरं दगडात गोळ्यांनी उठवलेली आहेत. खडकावर त्या खुणा अजून आहेत. गाडीवाल्याने आधी चपला काढल्या, मग आम्हीही काढल्या. नात एका खुणेपाशी गेली आणि बोट पुढे केलं, मुलं करतातच. तो म्हणाला, "ताई, आधी हात जोड. मग लाव बोट." तिने हात जोडले. मग बोट लावलं. पहिलं पेर आत गेलं. तिने बोट लगेच काढलं नाही, आणि काढलं तेव्हा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून ठेवलं.

मी त्याला विचारलं, तुमच्यापर्यंत हे कसं आलं? तो म्हणाला, "आजीने सांगितलं. आरतीला जायची ती. शाळेत नंदुरबारचं शिकलो, हे नाही शिकलो." एवढंच बोलला. २ मार्चला इथे दरवर्षी लोक श्रद्धांजलीला जमतात. तुमचं जमत असेल तर तोच दिवस धरा, म्हणजे सांगणारी माणसं भेटतील. नंदुरबारचे पाच मी पाठ म्हणू शकतो. इथे पडलेल्यांची नावं मला कोणी कधी पाठ करायला लावली नाहीत, आणि अडतीस वर्षांत त्यांची एकही पाटी माझ्याकडे आली नाही. तळोद्याच्या पुतणीला सांगून आलोय की गावात जुन्या आरतीतले जे कोणी म्हातारे असतील त्यांच्याकडून ती एकेक नाव विचारून लिहून ठेव. शुद्धलेखनाची काळजी करू नको, ते म्हणतील तसं लिही.

माझं मत विचाराल तर दोन्ही जागा एकाच खेपेत करा, एकीशिवाय दुसरी अर्धी वाटते. बाजारातली आणि डोंगरातली, शाळकरी पोरं आणि आरतीला जाणारी माणसं, सहा महिन्यांत एकाच सरकारच्या गोळ्या. दोन दिवस ठेवा. नंदुरबारला सकाळ, तळोद्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे निघून ऊन चढायच्या आत डोंगर. पुस्तकी माहिती देणाऱ्या माणसापेक्षा स्थानिक गाडीवाला बरा.

संध्याकाळच्या गाडीने परत निघालो. नात खिडकीशी बसून पुटपुटत होती. शिरीषकुमार, लालदास, मग अडली. पुन्हा पहिल्यापासून. चौपाळे गेलं, तरी अडलेलीच. मी सांगितलं नाही. रनाळ्याला गाडी थांबली तेव्हा ती एकदम म्हणाली, "धनसुखलाल! शशिधर. घनश्यामदास." समोर बसलेल्या बाईंनी विचारलं, कोणाची नावं गं? नातीने पाचही पुन्हा म्हणून दाखवली. मग दप्तरातून वही काढली, माझ्याकडे खोडरबर मागितलं, आणि गाडी हलत असताना तिसऱ्या ओळीतल्या ध वरची रेघ जपून, तेवढीच, खोडली.